फेलफूट

बायजाक्का मगदूम पहिल्यांदा माझ्या काउंटरवर आली
तेव्हा पायावर दाबलं की बोटाचा खड्डा राहायचा.
चिठ्ठीवर बीपीची गोळी, लघवीवाटे पाणी काढणारी.
"पाणी काढणार? म्हंजी माझा बेदाणा करतासा व्हय?"
हसली. मिसरीनं काळवंडलेले दात.
सौद्याचा दिवस होता, तासगावच्या रस्त्यावर
बेदाण्याच्या पेट्यांचे टेम्पो अडकलेले.
मीही हसलो, आणि पट्टी कापली.

अकरा वर्षं झाली.

मधे भांडण एवढंच, की पट्टीत गोळ्या उरायच्या.
टोळीत वीस बायका, बागेला ना आडोसा ना दार,
तासातासाला उठलं की मुकादम घड्याळ बघतो.
म्हणून कामाच्या दिवशी गोळी मिसरीच्या डबीत.
मी ओरडायचो. चारचौघांत.
"रोज घ्यायची. मुल्ला मेडिकलचं नाव घालवू नका."
घ्यायला लागली.

गेल्या एप्रिल छाटणीत
मांडवाची तार मधेच झोळ खातीय म्हणून
मालकाच्या पोराशी भांडली.
पोरानं तार छेडून दाखवली. टणटणली.
मग विजेचा खांब वाकला.
मग नातीच्या चेहऱ्यात, नाकाच्या जागी,
ओल्या बोटानं पुसल्यासारखं काहीतरी.

मिरजेला मीच नेलं, दुकानाला कुलूप लावून.
चौकटींचा कागद, मधे टिपका.
रेघा कशा दिसतात?
"सैल बाजंगत."
स्क्रीनवर तिचा डोळा, केवढा तरी मोठा, नारिंगी,
आणि ऐन मध्यावर
घाईघाईनं वाढलेलं काही लाल.
नव्या रक्तवाहिन्या फुटल्यात, डॉक्टर म्हणाले,
पडद्याच्या मागून, नको तिथं. कच्च्या आहेत, पाझरतात.
"व्हय. फेलफूट," बायजाक्का म्हणाली.
त्यांना कळलं नाही.
मला कळलं. जिला घड येत नाही ती फूट,
नुसती पानं काढते, वेलीचं खाते,
कोवळी असतानाच अंगठ्यानं मोडायची.
सुई देऊ, म्हणाले. डोळ्यात. महिन्याला एक.
"पुन्हा फुटेल?" मी विचारलं.
"फुटंल की," उत्तर तिनंच दिलं.

औषधांची यादी वाचताना
त्या गोळीपाशी त्यांचं पेन थांबलं होतं. मी पाहिलं होतं.
हिच्यामुळे का?
असं बघा, काही अभ्यासांत
घेणाऱ्यांना हे थोडं जास्त झालेलं सापडलं. काहींत नाही.
पण घेतं कोण? ज्याचं बीपी वाढलेलं, वय वाढलेलं.
मग गोळीचं नाव लिहू, की बीपीचं, की वयाचं,
की उन्हाचं, की मिसरीचं?
मनानं बंद करू नका मात्र.

रात्री खोक्यातला तो घडीचा कागद उलगडला
जो इतकी वर्षं न उलगडता टाकत आलो.
अक्षरं मुंगीच्या पायाएवढी.
भिंग लावून दोनदा वाचला.
माझ्याबद्दल त्यात काही नव्हतं.
हिशेब केला: दिवसाला एक, चार हजार.
त्यातून डबीतल्या वजा.
त्या डबीतल्या किती, हे आता विचारायचं कसं?

मिरजेच्या दुसऱ्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली.
ती मान वाकडी करून, कोंबडीगत,
एका बाजूनं पट्टीकडे बघते,
आणि हात पट्टीच्या वीतभर अलीकडे पडतो.
मी पट्टी हाताखाली सरकवतो.
"ही बी पाणी काढती?"
"नाही."
"मग ती का देत हुतासा?"
मी बिलबुक शोधतो.

ऑक्टोबर छाटणीला गेलीच.
काडीच्या बुडापासून अंगठा वर सरकवत
एक डोळा, दोन डोळं, तीन,
सातव्याच्या पुढं कात्री.
"चुकत न्हाई. डोळं हाताला लागत्यात."
मुकादमही काही बोलत नाही म्हणे.

सुट्टे पैसे मी पूर्वी काउंटरवर टाकायचो.
आता तळहातावर ठेवतो,
एकेक, सावकाश,
तिला मोजता येतील असे.